पहिला 'नको' खरा नसतो

माझी नात ईश्वरी फोनवरून जेवण मागवते तेव्हा मी मुद्दाम शेजारी जाऊन बसते. फोन विचारतो, सोबत काही गोड हवं का? ती बोटानं नको म्हणून सारते, आणि विषय संपतो. फोन पुन्हा विचारत नाही. 'असं कसं, थोडं तरी घ्या' म्हणत नाही, गळ्याची शपथ घालत नाही. मी म्हणते, "अगं, रुसला असेल तो." ती म्हणते, "आजी, अ‍ॅप आहे ते." अ‍ॅप असो नाहीतर उदगीरची मामी असो, एकदाच विचारणाऱ्याचा मला अजून धसका आहे. त्याला कारण आहे. नांदेडातल्या एका हॉटेलात, एका हिरव्या पडद्याआड, माझा सगळा जन्म अशाच एका 'नको'वर अडकून बसला होता. तेव्हा मी आजच्यापेक्षा दिसायला बरी आणि अकलेनं फार कमी होते.

आमचं घर शिरूर अनंतपाळचं. पुढच्या अंगाला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, कापडाचं दुकान आणि मागं आम्ही. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. घरात दिवसभर दोनच आवाज: पुढून मांजरपाट फाडल्याचा टर्रर्र आणि मागून अव्वाच्या भाकरी थापण्याचा. दोन्ही कानांवर एकदमच पडायचे, त्यामुळं आजही कुणी कापड फाडलं की मला भूक लागते. लेकीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला गेलो तेव्हा लातूरच्या दुकानात मला दोनदा चहा मागवावा लागला होता.

आणि त्या घरात एक कायदा होता. कुणी खाण्याचं विचारलं की आधी नको म्हणायचं. "बोलावल्या बोलावल्या ताट पुढं करायचं न्हाई," अव्वा बजावायची, "लोक मनतील, कापडवाल्याची पोरगी घरी उपाशी ऱ्हाती." पहिला नको म्हणजे नुसता नमस्कार. समोरच्यानं तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा विचारायचं. दुसरा जरा खालच्या आवाजात. त्यानंतर ताटावर हात आडवा धरायचा, पण बोटं अशी फाकवून, की वाढणाऱ्याची हुग्गी मधल्या फटींतून सरळ ताटात पडावी. हुग्गी म्हणजे आमची गव्हाची, गुळातली खीर. ती पडली की 'अरारा, कशाला' म्हणायचं आणि शेवटचा दाणा चाटूनपुसून खायचा. वाढणारा पण तसाच तयारीचा लागतो. आमचे अण्णा त्यातले उस्ताद. कुणाच्याही घरच्या पंगतीला त्यांना वाढायला बोलवायचे. ते म्हणायचे, "वाढणाऱ्यानं इचारत बसायचं नसतंय. वतायचं आन् फुडं जायचं." उलट ती उदगीरची मामी. एका लग्नात तिनं लोकांचा पहिला नको खरा धरला आणि भांडं घेऊन पुढं गेली. सगळं वऱ्हाड अर्ध्या पोटानं उठलं. मामी गेली, तिच्या नातवंडांची लग्नं झाली, पण त्या पंगतीचा विषय अजून आमच्याकडं ताजा आहे.

दहावीची परीक्षा झाल्यावर मला सुट्टीला नांदेडला गंगूमावशीकडं धाडलं. ही अव्वाची धाकटी बहीण. तिची सुलू माझ्याच वयाची. नदीकाठचं शहर, सायकलरिक्षा, सिनेमाची थेटरं, संध्याकाळी घाटावर जत्रेसारखी गर्दी. आम्हा शिरूरकरांना तेच काश्मीर होतं. गोदावरीला तिकडं सगळे गंगाच म्हणतात. उन्हाळ्यात ती अंग चोरून कडेकडेनं वाहायची आणि मोकळ्या वाळूत टरबुजांचे वेल पसरलेले असायचे.

जाताना मला ठाऊक होतं की ही सुट्टी नुसती सुट्टी नाही. आमच्या गावात त्या वेळी मुलींसाठी दहावीच्या पुढं शाळा नव्हती, लगीनच होतं. किल्लारीकडच्या एका मुलाचे वडील दुकानात येऊन बसायला लागले होते. दर खेपेला ते एक धोतरजोडी घ्यायचे आणि जाता जाता आतल्या दाराकडं बघायचे. "येवढी धोतरं नेसतंय कोण?" अव्वा म्हणायची. मावशीनं वेगळा बेत केला होता. अण्णा मला न्यायला आले की ती शब्द टाकणार होती: कांताला इथंच राहू द्या, सुलूबरोबर कॉलेजात जाईल. अण्णा हो म्हणाले तर नांदेड, नाही म्हणाले तर किल्लारीची धोतरं धुवायची. आता इथं मी लिहायला पाहिजे की मला ज्ञानाची तळमळ होती. माझ्या निवृत्तीच्या सत्काराच्या वेळी शाळेतल्या बाई तसं बोलल्याही. पण खरं सांगायचं तर मला डोशाची तळमळ होती.

डोशाची हकिगत अशी. मी आल्यावर चार दिवसांनी मावशीनं आम्हा दोघींना वजिराबादेत एका उडप्याच्या हॉटेलात नेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी हॉटेलची पायरी चढले. बायकांसाठी आत फॅमिली रूम होती; म्हणजे फळ्या ठोकून केलेलं खोपटं आणि पुढं हिरवा पडदा. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता, त्यामुळं खालून वेटरचे फक्त पाय दिसायचे. पाय थांबले, पडदा सरकला. "क्या होना?" वेटरनं विचारलं. सुलू म्हणाली, मसाला डोसा. मावशी म्हणाली, मसाला डोसा. मग तो माझ्याकडं वळला, "आपको?" मी पदर सावरला, म्हणजे ओढणी सावरली, लाजले आणि म्हणाले, "नको नको, पोट भरलंय माझं."

"अच्छा," तो म्हणाला आणि गेला.

मी मनात म्हणलं, येईल. नव्यानं लागलेला दिसतो, पण रीत म्हणून काही असतेच की. मी पडद्याखाली नजर लावून बसले. पाय आले, गेले. परत आले ते दोन डोसे घेऊन. एवढी लांबलचक, कुरकुरीत, लोण्यानं चमकणारी वस्तू मी कधी बघितली नव्हती. डोसा ताटलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला होता. "घे की गं," सुलू म्हणाली. "नको," मी म्हणलं. "बरं," म्हणून तिनं मोडून तोंडात घातला. मी मावशीकडं बघितलं. मावशी चटणी पातळ आहे म्हणून वेटरशी भांडत होती. शेवटी मी भिंतीवरचा फोटो बघायच्या निमित्तानं सुलूच्या चटणीत बोट बुडवलं. त्या बोटाची चव मला दोन दिवस पुरली.

मावशीचंही नवल वाटायचं. लग्न होऊन आली तेव्हा ती आमच्यासारखीच होती. पण काका रेल्वेत, मुदखेडला ड्यूटीवर. घरी यायचे ते पुन्हा निघण्यापुरते. गाडी कुणाची वाट बघत नाही, हे त्या घरात इतकं मुरलं होतं की मावशी सगळं एकदाच विचारायची. "चहा?" म्हणायची. हो म्हणलं तर चहा, नको म्हणलं तर स्टोव्ह बंद. पहिल्या आठवड्यात मी बिनचहाची, बिनडोशाची आणि निम्म्या पोळीवर राहिले. मावशीनं अव्वाला निरोप धाडला, पोरगी फार अल्पाहारी आहे, काळजी घेत जा.

फिरण्याचीही तीच तऱ्हा. गल्लीच्या तोंडाशी महेबूबचाचांची सायकलरिक्षा उभी असायची. हाडकुळे, डोक्यावर गोल टोपी, आणि घंटी वाजवायच्या ऐवजी खोकायचे. एकदा दुपारी मला घाटाकडं निघालेली बघून म्हणाले, "बैठो बेटा, छोड़तूं घाटपे." मी म्हणलं, "नको चाचा, जाते की चालत." "नक्को तो नक्को," ते म्हणाले, खोकले आणि गेले. मी त्या उन्हात, डांबरात चिकटणाऱ्या चपला उपटत, गोवर्धन घाटापर्यंत चालले. दर वळणावर वाटायचं, मागून खोकला ऐकू येईल. दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. आम्ही दोघी वाळूतून एक भलं थोरलं टरबूज घेऊन वर आलो. सुलू टुणकन रिक्षात बसली. मी चढायला पाय उचलला, तेवढ्यात चाचांनी तिला विचारलं, "ये बी बैठते क्या?" आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "नको नको, अडचण कशाला." चाचा कौतुकानं म्हणाले, "इनको पैदल चलने का शौक है." आणि मग अख्ख्या वजिराबादेनं बघितलं: रिक्षात ऐसपैस सुलू, तिच्या शेजारी गादीवर टेकून बसलेलं टरबूज, आणि रिक्षाबरोबर पळत चाललेली मी. चाचा सभ्य माणूस, माझ्यासाठी हळू चालवत होते.

सुलूनं मला शिकवायचं मनावर घेतलं. घाटाच्या पायऱ्यांवर बसून ती वेटर व्हायची. "मॅडम, क्या होना?" मी तोंड उघडायचे. "म्हण, एक मसाला डोसा." मी म्हणायचे, "एक..." आणि पुढं घशात अव्वा उभी राहायची. "नको" आपला मागच्या दारानं बाहेर. एकदा आमचं हे नाटक बघून एका होडीवाल्यानं विचारलं, "येता का पोरींनो पलीकडं?" सुलू चढली. पुढं काय झालं ते सांगायला नको. काठावरून मी तिला हात केला.

मग अण्णा आले. पांढरं धोतर, काळी टोपी, कपाळावर विभूती, आणि बरोबर एवढं सामान की चाचांची रिक्षा मागून दिसेना. तुपाचा डबा, शेंगांच्या पोळ्यांचं गाठोडं, एक पत्र्याची पेटी आणि सुतळीनं करकचून बांधलेली वळकटी. "दाजी, येका रातीसाठी येवढं?" मावशीनं विचारलं. "आसंच," अण्णा म्हणाले. तूप आणि पोळ्या मावशीला दिल्या. पेटी आणि वळकटी दाराआड ठेवली. मी आपली समजले की अण्णांना परक्या गादीवर झोप येत नसेल. मी हुशार होते असं मी कुठंच म्हणलेलं नाही.

संध्याकाळी मावशी सगळ्यांना त्याच हॉटेलात घेऊन गेली. त्याच हिरव्या पडद्याआड आम्ही बसलो: एका बाजूला मावशी आणि सुलू, समोर मी आणि अण्णा. "क्या होना?" अण्णांनी हात जोडले, "कायबी नको, आत्ताच फराळ झालाय." त्यांनी एसटीत बसल्यापासून काही खाल्लेलं नव्हतं. वेटरनं माझ्याकडं बघितलंच नाही. मी त्याच्या ओळखीची झाले होते. थोड्या वेळानं दोन डोसे आले, आणि आम्ही दोघं बापलेक मान वाकडी करून पडद्याखालचे पाय बघत बसलो. अण्णा हळूच मला म्हणाले, "पुन्हा येत न्हाई का गं त्यो?"

डोसा अर्धा संपल्यावर मावशीनं हात पुसला. "दाजी, एक इचारते. कांताला राहू द्या हितं. सुलूसंगं कॉलेजात जाईल."

अण्णांनी मान खाली घातली आणि गालातल्या गालात हसले. ते हसू मला पुरतं ओळखीचं होतं. पंगतीत ताटावर हात आडवा धरताना माणसं तसंच हसतात. "नको गंगूबाई," ते म्हणाले, "तुमाला कशाला तरास." मी मनात म्हणलं, वा अण्णा, झकास, आता दुसऱ्यांदा विचारील. पण मावशी माझ्याकडं वळली. "तुझं काय गं?" आता बापानं पहिला नको म्हणलेला असताना पोरीनं एकदम हाव, म्हणजे हो, म्हणायचं? अव्वानं ऐकलं असतं तर भाकरीसकट धावली असती. टेबलाखालून सुलूनं मला लाथ मारली. मी म्हणलं, "नको मावशी." आणि मांडीवरच्या हाताची बोटं चांगली फाकवून ठेवली.

मावशीनं आम्हा दोघांकडं बघितलं. मग "बरं" म्हणाली. पडद्याबाहेर तोंड काढून तिनं एक चहा सांगितला, आणि तो एकटीनं प्यायली. 'बरं' हा शब्द इतका जड असतो हे मला त्या दिवशी कळलं. रात्री सुलू माझ्याकडं पाठ करून झोपली.

सकाळी मावशीनं मला हळदीकुंकू लावलं, ओटीत खण-नारळ घातला आणि डोळे पुसत आत गेली. आम्ही रिक्षात बसलो. पेटी पायात, वळकटी आमच्या दोघांच्या मध्ये. चाचांनी बसस्टँडचा रस्ता धरला. मी किल्लारीच्या धोतरांचा विचार करत होते. दोरीवर ओळीनं वाळत घातलेली, पांढरीशुभ्र, संपता संपत नाहीत अशी. चढावर चाचा उतरून रिक्षा ढकलायला लागले आणि धापा टाकत म्हणाले, "सेठ, इत्ता वजन कल लाए, आज वापस लेको जारैं. इसकू हवा खिलाने लाए थे क्या?"

मी वळकटीकडं नीट बघितलं. सुतळीच्या फटीतून माझ्या वाकळेचा निळा काठ दिसत होता. माझ्या. अव्वानं माझ्या जुन्या परकराचा लावलेला.

"अण्णा, ही माझी वळकटी कशाला आणलीत?"

"तुझ्यापायीच आनली की. पेटीत तुझी कापडं हायेत. अव्वानं वर्षाची शिकेकाई बांधून दिलीय."

"मग नको का म्हणलात?"

"मंग काय पैल्याच बारीला हाव मनू? लोकाच्या घरी पोरगी ठेवायची आन् वर उडी मारायची?" अण्णा माझ्यावरच चिडले. "तू का नको मनलीस?"

"तुम्ही म्हणलात म्हणून!"

"आन् तुझ्या मावशीला काय झालं? पुन्हा इचारायला तोंड दुखत व्हतं?"

चाचा रिक्षा धरून उभे राहिले होते. एकदा अण्णांकडं, एकदा माझ्याकडं बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला. याने ये छोरी को पैदल बी नै चलना था?" आणि इतके हसले की खोकल्याची उबळ आली.

"चाचा, वळवा," मी म्हणलं.

अण्णांनी माझा हात धरला. "आगं, ओटी भरून निघालो. आता कंच्या तोंडानं जायचं? आपनच मागून घ्यायचं?" हे मात्र खरं होतं. आमच्याकडं मागून घेणं हे उदगीरच्या मामीपेक्षाही वाईट. पण दोरीवरची धोतरं काही हलेनात. "वळवा," मी पुन्हा म्हणलं. चाचांनी डोळे मिचकावले. "पक्का? के पैदल जाती?"

मावशी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मी दारातूनच म्हणलं, "मावशी, मी राहते. हाव. हाव म्हणले मी." आयुष्यातलं ते माझं पहिलं एका दमातलं हाव, तेही तीन वेळा विचारायच्या आधीच. सुलू माजघरात टाळ्या पिटायला लागली.

मावशीनं वळून बघितलं. नाक लाल झालेलं. "नको बाई," ती म्हणाली. "तुमची मर्जी न्हाई, मी कशाला जुलूम करू."

"मर्जी हाय मावशी."

"नको नको. उगंच माझ्या भिडेपायी." आणि एवढं म्हणून तिनं मान खाली घातली आणि गालातल्या गालात हसली.

माझ्या जिवात जीव आला. कितीही मुदखेडच्या गाड्या गेल्या-आल्या तरी ती अव्वाचीच बहीण होती. आता काय करायचं ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी आणखी विचारत बसले नाही. बाहेर गेले, वळकटी ओढत आत आणली, सुलूच्या गादीशेजारी सुतळी तोडली आणि सगळी वाकळ, उशी, चादर, शिकेकाईच्या पुडीसकट, भसकन जमिनीवर ओतली. "अरारा," मावशी म्हणाली, "कशाला गं येवढं!"

दारात अण्णा टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांची बस तर गेलीच होती. वळकटी मोकळी झालेली त्यांनी दोनदा बघितली आणि खांद्यावरच्या पंच्यानं उगाचच मान पुसत राहिले. मावशीनं डोळे पुसून पदर खोचला. "दाजी, आता जेवूनच जावा."

"नको गंगूबाई," अण्णा म्हणाले.

"बरं," म्हणून मावशी सवयीनं ओट्याकडं वळली. तिची पाठ दिसल्याबरोबर अण्णांचा चेहरा पडला. काल सकाळपासून त्या माणसाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, चाचांकडं बघितलं, घसा खाकरला, आणि मावशीच्या पाठीला म्हणाले, "आवं, आजून एकदा इचारा की."